बोंग जून-हो यांचे चित्रपट कसे पाहावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पॅरासाइट' आवडला, आता पुढे काय बघू? ते घर खरंच आहे का? तो नूडल्सचा पदार्थ घरी होईल का? असे नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या उत्तरात कथानक फुटतं, तिथे सुरुवातीलाच तसं लिहिलं आहे. बोंग इंचाइंचाचं नियोजन करतात आणि त्या नियोजनाच्या ऐन मध्यावर एखाद्या माणसाचा पाय घसरू देतात. आम्हाला त्यांचे चित्रपट प्रिय आहेत ते या घसरण्यामुळे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत ते कुठे ना कुठे येईलच.

नावाचा उच्चार काय? आडनाव कुठलं?

कोरियन पद्धतीत आडनाव आधी येतं. 'बोंग' हे आडनाव, 'जून-हो' हे नाव. त्यामुळे 'मिस्टर हो' म्हणणं चूक, आणि यादीत शोधताना 'बोंग'खाली शोधायचं. त्यांचे आवडते नट सोंग कांग-हो यांचंही तेच: सोंग हे आडनाव. दोघांच्या नावात 'हो' आहे म्हणून ते भाऊ आहेत, असा समज अधूनमधून दिसतो. तसं काही नाही.

बोंग यांचा जन्म १४ सप्टेंबर १९६९ चा, देगू शहरातला. सोलच्या योन्से विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र घेतलं, तिथेच 'यलो डोअर' नावाच्या फिल्म क्लबात रमले आणि मग कोरियन अकॅडमी ऑफ फिल्म आर्ट्समध्ये शिकले. समाजशास्त्राची पदवी हा त्यांच्या चरित्रातला किरकोळ तपशील नाही. कोण कुठे राहतं, कोण कुणासाठी दार उघडतं, कुणाच्या अंगाला कसला वास येतो, हे ते त्याच नजरेने टिपतात.

सुरुवात कुठून करावी?

'पॅरासाइट' (२०१९) पाहिला असेल तर पुढचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). त्यानंतर लगेच 'मदर' (२००९), कारण दोन्हींत लहान गावातला खून आणि त्याचा तपास आहे. पहिल्यात तपास पोलीस करतात, दुसऱ्यात आरोपीची आई. एकापाठोपाठ पाहिले की दुसऱ्याची धार जास्त जाणवते. मग नदीकाठच्या राक्षसाचा 'द होस्ट' (२००६), आणि त्यानंतर परदेशी कलाकारांसोबतचे तीन: 'स्नोपीअर्सर' (२०१३), 'ओक्जा' (२०१७), 'मिकी १७' (२०२५). पहिला चित्रपट 'बार्किंग डॉग्ज नेव्हर बाइट' (२०००) शेवटी ठेवा. तो तेव्हा तिकीटबारीवर पडला होता आणि आजही पहिल्या भेटीत तो अनेकांना विस्कळीत वाटतो. बाकीचे पाहून झाल्यावर मात्र त्यात पुढच्या सगळ्याची बीजं सापडतात: इमारतीचं तळघर, तिथे लपून राहणारं कुणीतरी, कामात हरलेला पुरुष, धावणारी मुलगी.

बहुतेक चित्रपट दोन तासांच्या आसपासचे आहेत. 'ओक्जा' नेटफ्लिक्सचीच निर्मिती असल्याने तिथे मिळतो. बाकीच्यांचे हक्क फिरत असतात, तेव्हा पाहण्याच्या दिवशीच शोधा. 'ओक्जा'ची जाहिरात पाहून लहान मुलांना सोबत बसवू नका. गोंडस डुकराची गोष्ट शेवटी कत्तलखान्यात जाते आणि ते दृश्य मोठ्यांनाही जड जातं.

'बोंगटेल' म्हणजे काय?

कोरियन चाहत्यांनी 'बोंग' आणि 'डिटेल' जोडून केलेला शब्द. बारकाव्यांबद्दलचा त्यांचा हट्ट त्यातून सांगितला जातो. पण नुसते बारकावे कुणीही भरू शकतो. बोंग यांचा बारकावा काहीतरी काम करतो, म्हणून तो वेगळा.

'पॅरासाइट'मधलं, अर्ध्या तळघरात राहणाऱ्या गरीब किम कुटुंबाचं न्हाणीघर घ्या. संडासाचं भांडं उंच ओट्यावर आहे, छताला डोकं टेकेल इतकं. हा विनोदासाठी केलेला सेट नाही. अर्ध्या तळघरात सांडपाण्याची मुख्य वाहिनी घरापेक्षा वर असते. भांडं खाली ठेवलं तर मैला उलट आत येईल, म्हणून ते उंचावर बसवतात. चित्रपटाच्या सुरुवातीला त्या ओट्यावर बसून भावंडं शेजाऱ्याचं फुकटचं वायफाय पकडतात, तेव्हा आपण हसतो. पुढे पूर येतो तेव्हा त्याच ओट्याचा अर्थ बदलतो. सेट तोच राहतो, वाक्य एकही वाढत नाही.

किंवा 'मदर'मधला सुरुवातीचा एक प्रसंग. आई दुकानात अंधारात बसून औषधी मुळ्या पात्याने कापते आहे, नजर मात्र रस्त्यापलीकडच्या मुलावर. पातं बोटाच्या दिशेने सरकत राहतं. दोन मिनिटांत त्या बाईच्या प्रेमाची सगळी भयानकता कळते आणि तिने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो.

आणि 'पिक्सारी'? (काही प्रसंग फुटतात)

हा त्याहून महत्त्वाचा शब्द. बिलियर्ड्समध्ये काठी चेंडूवरून सटकते, किंवा गाताना वरच्या सुरावर आवाज फाटतो, त्याला कोरियन बोलीत 'पिक्सारी' म्हणतात. बोंग यांच्या संदर्भात तो शब्द फ्रेंच समीक्षकांपर्यंत पोचला आणि तिथे त्यावर लेखही झाला. गंभीर प्रसंगाच्या शिगेला त्यांची पात्रं सटकतात, चुकतात, पडतात.

उदाहरणं मोजून ठेवा. 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये शेताच्या बांधावरून अधिकारी एकामागून एक घसरत येतात. 'द होस्ट'मध्ये बाप लेकीचा हात धरून जीव खाऊन धावतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की हात दुसऱ्याच मुलीचा आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी निर्णायक क्षणी पेटती बाटली हातातून निसटते. 'स्नोपीअर्सर'मध्ये कुऱ्हाडींच्या लढाईत नायक माशावरून घसरून आपटतो. 'पॅरासाइट'मध्ये जिन्यावर चोरून ऐकणारं कुटुंब गडगडत खाली येतं आणि तिथून गोष्ट फिरते.

आपल्याला हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. 'द होस्ट'मधला सामूहिक शोकाचा प्रसंग पाहा: कुटुंब मुलीच्या फोटोसमोर रडत रडत जमिनीवर लोळतं, छायाचित्रकार फोटो काढतात, आणि प्रेक्षागृहात कुणालाच कळत नाही की हसायचं की नाही. काही जण याला 'सूर बदलणं' म्हणतात. आमच्या मते सूर बदलतच नाही. दुःखात माणूस खरोखर असाच बेढब दिसतो, आणि बाकीचे दिग्दर्शक ते कापून टाकतात.

'मेमरीज ऑफ मर्डर' ही सत्यकथा आहे का? खुनी सापडला का? (कथानक फुटतं)

हो. १९८६ ते १९९१ या काळात ग्योंगी प्रांतातल्या ह्वासंग भागात दहा स्त्रियांचे खून झाले. चित्रपट त्या प्रकरणावरच्या एका नाटकाचा आधार घेतो. तो २००३ मध्ये आला तेव्हा खुनी अज्ञात होता. शेवटच्या खुनाची पंधरा वर्षांची कायदेशीर मुदत २००६ मध्ये संपली, म्हणजे पुढे तो सापडला तरी या खुनांसाठी खटला चालणार नव्हता.

सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांवरच्या डीएनएवरून ली चुन-जे या कैद्याचं नाव पुढे आलं. मेहुणीच्या १९९४ मधल्या खुनासाठी तो आधीच बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याने एकूण चौदा खुनांची कबुली दिली. त्यांतल्या आठव्या ह्वासंग खुनासाठी दुसऱ्याच एका माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. चित्रपटात पोलीस एका मतिमंद मुलाला मारून कबुली पाठ करून घेतात, ते दृश्य हे कळल्यावर पुन्हा पाहा.

शेवटच्या शॉटमध्ये सोंग कांग-हो थेट कॅमेऱ्यात पाहतात. खुनी कधीतरी हा चित्रपट बघेल आणि त्याची नजर या नजरेला भिडेल, हा त्यामागचा विचार बोंग यांनी सांगितला आहे. ली चुन-जेने तो पाहिला होता. न्यायालयात त्याने सांगितलं की आपल्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

त्या चित्रपटातला शेताचा लांब शॉट इतका का नावाजला जातो?

कारण त्यात दहाएक गोष्टी एकाच वेळी बिघडतात आणि कॅमेरा एकदाही कट होत नाही. प्रेत सापडलेलं आहे. सोंग यांचा हवालदारी डिटेक्टिव्ह मातीतला बुटाचा ठसा राखायला सांगतो, तिकडे पोरं बागडतायत, पत्रकार घुसतायत, न्यायवैद्यकचे लोक आलेलेच नाहीत, साहेब बांधावरून घसरतात. डिटेक्टिव्ह ओरडत असतानाच ट्रॅक्टर त्या ठशावरून जातो. तपास का फसला, हे कुणी भाषण करून सांगत नाही. दोनेक मिनिटांत आपण ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

अभ्यासासाठी तो शॉट तीनदा पाहा. एकदा फक्त पुढच्या माणसांकडे, एकदा फक्त मागे काय चाललंय तिकडे, आणि एकदा डोळे मिटून आवाज ऐका. तिसऱ्या वेळी कळतं की आपलं लक्ष कुठे वळवायचं हे बहुतेक वेळा आवाज ठरवतोय.

'पॅरासाइट'मधलं श्रीमंत कुटुंबाचं घर कुठे आहे?

कुठेही नाही. कलादिग्दर्शक ली हा-जुन यांनी ते बांधलं. तळमजला आणि बाग जोंजू शहरात मोकळ्या जागेवर उभी केली, वरचा मजला आणि खालची तळघरं स्टुडिओत. जागा निवडतानाच सूर्य कुठून कुठे जातो हे बघितलं गेलं, कारण दिवाणखान्यातला उजेड खरा हवा होता. समोरची प्रचंड काच जवळजवळ पडद्याच्याच प्रमाणात, म्हणजे उंचीच्या २.३५ ते २.४ पट रुंद आहे. त्या खोलीत टीव्ही नाही. काच हाच त्यांचा पडदा.

घराची आखणी वास्तुविशारदाच्या नव्हे, पटकथेच्या सोयीने झाली: कोण कुठे लपेल, कुणाला कोण दिसता कामा नये, कोपऱ्यावरून ऐकू येईल पण दिसणार नाही असं कुठे उभं राहायचं. म्हणूनच काही वास्तुविशारद म्हणतात की हे घर राहायला विचित्र ठरेल, आणि ते बरोबरच आहे.

किम कुटुंबाची गल्ली गोयांग इथल्या पाण्याच्या टाकीत बांधली होती, म्हणजे पूर खरोखर भरता आला. पाडल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्यांमधून फरशा, दारं, जाळ्या गोळा करून लावल्या. कचराही खरा सडवला होता, त्यावर खऱ्या माश्या आल्या.

लोक खरंच असे अर्ध्या तळघरात राहतात का?

राहतात. त्याला 'बांजिहा' म्हणतात. १९७० मध्ये उत्तर कोरियाशी तणाव असताना नव्या ठेंगण्या इमारतींना तळघर सक्तीचं केलं गेलं, वेळ पडल्यास आसरा म्हणून. तिथे भाडेकरू ठेवणं आधी बेकायदा होतं. पुढे सोलमध्ये घरं पुरेनाशी झाली आणि १९८० च्या दशकात नियम सैल केले गेले. बंकर म्हणून बांधलेल्या जागेत संसार आले. ऑगस्ट २०२२ च्या पुरात सिलिम-दोंग भागातल्या अशाच घरात अडकून एका कुटुंबातले लोक मेले, आणि त्यानंतर शहराने बांजिहा टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली.

मुसळधार पावसात किम मंडळी श्रीमंत टेकडीवरून आपल्या घरी उतरत जातात तो प्रसंग याच माहितीवर उभा आहे. पायऱ्या, बोगदा, उतार, पुन्हा पायऱ्या, आणि पाणी त्यांच्याच सोबत खाली धावतंय. सलग वाटणारी ही वाट शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित करून जोडलेली आहे. पुढच्या वेळी पाहताना एक कागद घ्या आणि कुणी पायरी चढलं की वर बाण, उतरलं की खाली बाण काढा. 'स्नोपीअर्सर'ला हाच खेळ आडवा: आगगाडीचं इंजिन नेहमी पडद्याच्या उजवीकडे, शेपटी डावीकडे, आणि नायकाला पुढे जायचं की मागे वळायचं हा प्रश्न तो कुठल्या बाजूला पाहतोय यातूनच दिसतो.

इंग्रजी सबटायटलमध्ये काय हरवतं? (मध्यापुढचा एक प्रसंग फुटतो)

सगळ्यात आधी तू आणि तुम्ही. इंग्रजीला तो फरक करता येत नाही, पण मराठी कानाला तो सहज पकडता येईल. युक्ती सोपी आहे: वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा' ऐकू आलं तर बोलणारा आदराने बोलतोय. ते गळलं तर जवळीक आहे किंवा उर्मटपणा. 'पॅरासाइट'मध्ये चौघं घरी एका भाषेत बोलतात आणि बंगल्यात एकमेकांशी अनोळखी माणसांच्या भाषेत. जुनी मोलकरीण परत येते तेव्हा ती नव्या मोलकरणीला 'ताई' म्हणून विनवते आणि ही तिला झिडकारते. काही मिनिटांत पारडं फिरतं, मग ही तिला विनवू लागते आणि ती 'मला ताई म्हणू नकोस' म्हणून शिवी हासडते. इंग्रजीत हे निम्मंच पोचतं.

'पॅरासाइट'चे इंग्रजी सबटायटल सोलमध्ये राहणारे अमेरिकी अनुवादक डार्सी पाकेट यांनी बोंग यांच्याशी चर्चा करून केले. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचं तिथे ऑक्सफर्ड झालं, काकाओटॉकचं व्हॉट्सॲप झालं, आणि 'जापागुरी' या नूडल्सच्या पदार्थासाठी 'रॅम-डॉन' हा नवाच शब्द बनवला. हे बदल विनोदाचा वेग राखायला केले आहेत आणि आमच्या मते बहुतेक योग्य आहेत.

'मेमरीज ऑफ मर्डर'मधली बोगद्यातली ओळ मात्र इंग्रजीत कधीच नीट बसली नाही. संशयिताला समोर धरून सोंग विचारतात: वेळेवर जेवतोस-बिवतोस ना रे? कोरियात 'जेवलास का' हा विचारपूस करण्याचा नेहमीचा प्रश्न आहे, अगदी आपल्याकडे आहे तसाच. इतका द्वेष, इतका थकवा, आणि तोंडून निघतं ते हे. मराठीत ही ओळ अनुवाद न करताच समजते.

आणखी एक: 'मदर'चं कोरियन नावही 'मादो' असंच आहे, म्हणजे इंग्रजी शब्दच कोरियन लिपीत. त्या उच्चारात 'मर्डर'सुद्धा जवळजवळ तसाच ऐकू येतो. शिवाय किम हे-जा या अभिनेत्री कोरियन टीव्हीवर अनेक दशकं आदर्श आई म्हणून ओळखल्या जात. सुलोचनादीदींच्या हाती अशी भूमिका दिली असती तर मराठी प्रेक्षकाला जे वाटलं असतं, ते कोरियन प्रेक्षकाला वाटलं.

जापागुरी घरी कशी करायची?

दोन माणसांसाठी दोन प्रकारच्या इन्स्टंट नूडल्स: चापागेटीचं एक पाकीट (१४० ग्रॅम) आणि नोगुरीचं एक (१२० ग्रॅम). दोन्ही कोरियन किराणा मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात.

सव्वा लिटर पाणी उकळा. दोन्ही पाकिटांतली सुकी भाजी टाका. नोगुरीच्या नूडल्स जाड असतात, म्हणून त्या आधी घाला आणि अर्ध्या मिनिटाने चापागेटीच्या. साधारण चार मिनिटांनी, नूडल्स किंचित कच्च्या असतानाच पाणी काढून टाका, पण एक वाटी मागे ठेवा. चापागेटीची काळी पूड पूर्ण, नोगुरीची लाल पूड अर्धी. मंद आचेवर मिनिटभर परता, शेवटी पाकिटातलं तेल.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पाणी जास्त राहिलं की सॉस नूडल्सना धरत नाही आणि त्याचं सूप होतं. लाल पूड सगळी घातली की खारट होतं. मांस त्याच भांड्यात टाकलं की ते शिजतं, भाजलं जात नाही. ते वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, मीठ-मिरी लावून, चौकोनी तुकड्यांत करायचं. चित्रपटात महागडं कोरियन गोमांस आहे, आणि स्वस्त नूडल्सवर ते घालणं हाच मुद्दा आहे. आपल्याकडे चिकन किंवा मोठे मशरूम चालतात. नोगुरी सीफूडच्या चवीची असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी ती टाळावी आणि दुसऱ्या पाकिटावरचा ठिपका व घटक पाहून घ्यावेत.

चित्रपटात मालकीणबाई फोनवर सांगतात की आठ मिनिटांत पोचतोय. कोरियन बाईला ही पाकिटं हाताळायची सवय असेल तर तेवढ्यात होतं. पहिल्यांदा करणाऱ्याने पंधरा धरावीत.

ते शूटिंग कसं करतात? विद्यार्थ्यांनी त्यातून काय उचलावं?

नेहमीची रीत अशी: प्रसंग आधी लांबून पूर्ण घ्यायचा, मग प्रत्येकाच्या जवळच्या शॉटमध्ये पुन्हा पूर्ण घ्यायचा, आणि काय वापरायचं ते संकलनात ठरवायचं. याला कव्हरेज म्हणतात. बोंग ते जवळजवळ घेत नाहीत. स्टोरीबोर्ड ते स्वतः काढतात, अख्ख्या चित्रपटाचा, आणि चौकटीत जितका संवाद आहे तितकाच तुकडा चित्रित करतात. सेटवरच संकलक बसलेला असतो, तो शॉट लगेच जोडून दाखवतो. परदेशी नटांना पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं: अर्ध्या वाक्यावर 'कट' कसं म्हणतात?

फायदा वेळेचा आणि नटाच्या ताकदीचा. धोका असा की एक शॉट फसला तर झाकायला दुसरं काही नसतं. म्हणून लघुपट करणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. एका प्रसंगावर सराव करा:

१. तीन पानांचा, एका खोलीत घडणारा प्रसंग घ्या. आधी खोलीचा नकाशा काढा, माणसं आणि दारं दाखवा.

२. बारा ते पंधरा चौकटी काढा. चित्रकला येत नसेल तर मित्रांना उभं करून मोबाइलवर फोटो घ्या.

३. फोटो क्रमाने लावून त्यावर संवाद वाचून रेकॉर्ड करा. इथेच दोन-तीन चौकटी अनावश्यक निघतात.

४. प्रत्येक तुकडा ठरलेल्या जागेच्या पाच सेकंद आधी सुरू करा आणि पाच सेकंद नंतर थांबवा. हे विसरलं की जोड बसत नाहीत. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

५. खोलीचा एक पूर्ण लांबचा शॉट आणि एखाद्या वस्तूचा जवळचा शॉट जास्तीचा घ्या. अडलं तर हेच वाचवतात.

आणि नट चुकला, अडखळला, हातातून काही पडलं, तर लगेच कट म्हणू नका.

संकलन शिकण्यासाठी 'पॅरासाइट'मधला पीचचा प्रसंग सर्वांत उत्तम. सुमारे पाच मिनिटांत बेत शिजतो, त्याची तालीम होते आणि तो अमलातही येतो, सगळं एकमेकांत गुंफलेलं. आवाज बंद करून शॉट मोजा. मग जोंग जे-इल यांच्या संगीतासकट पुन्हा पाहा आणि कुठल्या कटवर संगीत हलतं ते टिपा.

'स्नोपीअर्सर' कापला गेला होता का?

अमेरिकी वितरकाला सुमारे वीस मिनिटं कमी हवी होती. बोंग अडून राहिले आणि २०१४ मध्ये तिथे पूर्ण चित्रपट लागला, पण थोड्याच पडद्यांवर. त्या वादातला एक किस्सा बोंग यांनी स्वतः सांगितला आहे: लढाईआधी सैनिक मासा चिरतात तो शॉट काढा असं सांगितल्यावर त्यांनी ठोकून दिलं की माझे वडील कोळी होते, हा शॉट त्यांच्यासाठी आहे. शॉट राहिला. वडील खरं तर ग्राफिक डिझायनर होते.

'द होस्ट'मधला प्राणी इतक्या लवकर, भर दुपारी का दिसतो?

राक्षस शेवटपर्यंत अंधारात ठेवायचा हा संकेत बोंग यांनी मोडला. पहिल्या पंधरा मिनिटांत तो हान नदीकाठी लख्ख उन्हात लोकांमध्ये धावतो, आणि तोही उतारावर धडपडतो. रहस्य संपल्यामुळे उरलेला वेळ एका कुटुंबाला आणि निष्क्रिय सरकारला देता येतो. सुरुवातीचा फॉर्मल्डिहाइड ओतण्याचा प्रसंग २००० मध्ये सोलमधल्या अमेरिकी लष्करी तळावर घडलेल्या घटनेवर बेतलेला आहे.

'पॅरासाइट' कृष्णधवलमध्ये पाहावा का?

दुसऱ्यांदा, हो. ही आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये रॉटरडॅम महोत्सवात आली. चेहरे आणि भिंतींचा पोत त्यात जास्त बोलतात. पण पेपर नॅपकिनवरचा लाल डाग करडा होतो, आणि तो प्रसंग लाल रंगावरच चालतो. म्हणून पहिल्यांदा रंगीतच.

तो एका तामीळ चित्रपटावरून घेतलाय म्हणतात, ते खरं का?

फेब्रुवारी २०२० मध्ये १९९९ च्या 'मिनसार कन्ना'च्या निर्मात्याने तसा दावा केला होता. नातं लपवून एका श्रीमंत घरात कामाला शिरणं इतकी युक्ती दोन्हींत आहे. ती जगभरच्या प्रहसनांत जुनीच आहे. तळघर, वास, पूर, शेवट यांतलं काही त्यात नाही.

फिल्म सोसायटीत दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

आधी हक्क. घरगुती स्ट्रीमिंगच्या खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही. वितरकाची लेखी परवानगी घ्या.

मग पडदा. 'पॅरासाइट' रुंद प्रमाणातला आहे. दहा फूट रुंद पडद्यावर चित्राची उंची जेमतेम सव्वाचार फूट येते आणि वर-खाली आठ-साडेआठ इंचांचे काळे पट्टे राहतात. सबटायटल अनेकदा खालच्या पट्ट्यात येतात, म्हणजे पुढच्याच्या डोक्यामागे. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर घ्या आणि खुर्च्या तिरप्या, एकाआड एक लावा. प्रोजेक्टरवाला चित्र 'भरून' दाखवायला ताणेल. ताणू देऊ नका, बंगल्याची काच तिथेच बिघडते. 'मेमरीज ऑफ मर्डर' आणि 'स्नोपीअर्सर' कमी रुंद आहेत, त्यांना हा त्रास कमी.

सबटायटल हळूहळू मागे-पुढे होत गेले तर दोष बहुधा वेगाचा असतो. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाची सबटायटल फाइल २५ चौकटींच्या युरोपीय डीव्हीडीला लावली की १३२ मिनिटांच्या चित्रपटात शेवटी पाच मिनिटांहून जास्त फरक पडतो. सुरुवातीला जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका, शेवटची दहा मिनिटं आदल्या दिवशी तपासा.

दिवे पूर्ण बंद हवेत. अर्धतळघर आणि 'मेमरीज'मधलं पावसातलं शेत अर्ध्या उजेडात नुसतं काळं दिसतं.

सोलला जाणार आहे. कुठे काय बघता येईल?

'पॅरासाइट'चा पावसातला जिना जाहामुन बोगद्यापाशी आहे. सुरुवातीला मित्रासोबत बसतात ते किराणा दुकान आह्यॉन-दोंगमध्ये, पिझ्झाचं दुकान नोर्यांगजिन भागात. 'द होस्ट'साठी हान नदीवरचा वोन्ह्यो पूल. बंगला शोधू नका, सेट काढून टाकला आहे. आह्यॉन-दोंग ही लोकांची राहती वस्ती आहे, आणि गरिबी बघायला पर्यटक येतात याबद्दल तिथल्या रहिवाशांनी नाराजी बोलून दाखवली आहे. खिडक्यांकडे कॅमेरा नेऊ नका, दुकानातून काहीतरी विकत घ्या आणि गल्लीत गर्दी करू नका.

बोंग ज्यांना मानतात ते दिग्दर्शक कोण?

हिचकॉक आणि जपानचे इमामुरा तर आहेतच, पण सर्वांत आधी किम की-यंग. त्यांचा 'द हाउसमेड' (१९६०) पाहिलात तर जिना, मोलकरीण आणि घरात शिरलेला परका माणूस कुठून आला हे लगेच कळेल. कोरियन फिल्म अर्काइव्हची यूट्यूबवर जुन्या चित्रपटांची वाहिनी आहे, इंग्रजी सबटायटलसह आणि विनामूल्य. किम की-यंग यांच्यापासून तिथे सुरुवात करा.